एका झऱ्यावरच्या दोन विहिरी : खेळ-सिद्धान्त आणि आपले भूजल

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

बादशहाने एकदा फर्मान काढले की, नगरातील प्रत्येक घराने रात्रीतून एक घागर दूध हौदात आणून ओतावे. सकाळी पाहतात तो हौद काठोकाठ भरलेला, पण निव्वळ पाण्याने! 'सगळे दूधच ओतणार आहेत, मग माझी एक घागर पाण्याची कोणाला कळणार?' असा विचार प्रत्येकानेच केला होता. बिरबलाची ही गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. लोक लबाड असतात, हे तिचे नेहमीचे तात्पर्य. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थोडे थांबावे. एवढ्या मोठ्या नगरात एकजात सगळे लबाड कसे असतील? की हौद भरण्याची रीतच अशी होती की, तिच्यात सरळ माणसालाही पाणी ओतणेच परवडावे?

आपल्या महाराष्ट्रात असा एक हौद जमिनीखाली आहे. त्यात ओतायचे काम पावसाचे आणि उपसायचे काम आपले, एवढाच काय तो फरक. हा हौद का आटतो आणि तो राखता येईल काय, या प्रश्नाचा विचार अर्थशास्त्रातील 'खेळ-सिद्धान्ता'च्या आधारे करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. मी कोरडवाहू भागातून आलेली विद्यार्थिनी आहे. पाण्याची पाळी, बोअरची गाडी, आटलेली विहीर हे शब्द मला पुस्तकात भेटलेले नाहीत. म्हणून पुस्तकातला सिद्धान्त आमच्या शिवारात उभा राहतो की नाही, हे पाहण्याची मला विशेष ओढ वाटली.

१. 'खेळ' म्हणजे काय?

गेम थिअरी हे नाव ऐकले की पत्ते किंवा बुद्धिबळ डोळ्यांपुढे येते, आणि ते अगदीच चूक नाही. माझ्या चालीचे फळ समोरच्याच्या चालीवरही अवलंबून असते, अशा प्रत्येक प्रसंगाला हे शास्त्र 'खेळ' म्हणते. जॉन फॉन नॉयमन हे गणिती आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न हे अर्थशास्त्रज्ञ या दोघांनी १९४४ मध्ये या विषयावरील पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे १९५० मध्ये जॉन नॅश या तरुण गणितज्ञाने समतोलाची कल्पना मांडली. इतरांची चाल आहे तशीच राहिली असता एकट्याने आपली चाल बदलून कोणाचाच फायदा होत नाही, अशी स्थिती म्हणजे 'नॅश समतोल'. १९९४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना मिळाले, त्यांत नॅश होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. समतोल म्हणजे सर्वांचे भले नव्हे. समतोल सर्वांच्या तोट्याचाही असू शकतो. आपल्या विषयाचे मर्म नेमके येथेच आहे.

२. दोन मळ्यांचे कोष्टक

समजा, एकाच झऱ्यावर दोन विहिरी आहेत. एक वरच्या मळ्यात, दुसरी खालच्या मळ्यात. दोघा मालकांपुढे दोनच वाटा आहेत. एक म्हणजे 'थांबणे', म्हणजे आहे त्या विहिरीवर ज्वारी, हरभरा, थोडा कांदा घेणे. दुसरी म्हणजे 'खोल जाणे', म्हणजे बोअर घेऊन जास्त पाण्याचे पीक करणे. पुढील आकडे मी केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. खर्च वजा जाता वर्षाकाठी हाती उरणारी रक्कम, हजार रुपयांत, अशी धरू :

दोघेही थांबले, तर प्रत्येकी ४०.
एकटाच खोल गेला, तर त्याला ५० आणि थांबणाऱ्याला १५.
दोघेही खोल गेले, तर प्रत्येकी २५.

आता वरच्या मळ्याच्या मालकाच्या जागी उभे राहून विचार करू. खालचा थांबणार असेल, तर मला थांबून ४० मिळतात आणि खोल जाऊन ५०. म्हणजे खोल जावे. खालचा खोल जाणार असेल, तर मला थांबून १५ मिळतात आणि खोल जाऊन २५. म्हणजे तेव्हाही खोलच जावे. शेजाऱ्याने काहीही केले तरी खोल जाणेच १० ने फायद्याचे! खालचा मालकही हाच हिशोब करतो. परिणामी दोघेही खोल जातात आणि जेथे दोघांचे मिळून ८० झाले असते तेथे ५० वर येऊन ठेपतात. एकट्याने माघार घ्यावी, तर तो २५ वरून १५ वर घसरतो. हाच तो तोट्याचा समतोल.

शास्त्रात या रचनेला 'कैद्यांचा पेच' म्हणतात. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये ती मांडली आणि आल्बर्ट टकर यांनी तिला दोन कैद्यांची गोष्ट जोडून दिली. 'एकाने गाय मारली म्हणून दुसऱ्याने वासरू मारू नये,' अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हणीतला उपदेश खराच आहे; पण दुसरा वासरू का मारतो, हे वरच्या चार ओळींतून कळते.

वास्तवात विहिरी दोन नसतात, शंभर-दोनशे असतात, आणि हौद डोळ्यांना दिसत नाही. महाराष्ट्राचे ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र काळ्या कातळाचे, म्हणजे बेसाल्टचे आहे. या खडकात पाणी राहते ते भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात. त्याची साठवण थोडी आणि गावागणिक, कधी बांधागणिक वेगळी. त्यातच कायद्याने आजवर पाणी जमिनीच्या मालकीला चिकटवून ठेवले. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमीनमालकाला आपल्या हद्दीतील भूगर्भातले पाणी उपसण्याचा हक्क मानला. बांध वर दिसतो. पाण्याला मात्र बांध नसतो. शिवाय महाराष्ट्रात २०२४ पासून ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत आहे. शेतकऱ्याला त्याचा दिलासा आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु एक तास जास्त मोटर चालविण्याचा खर्च शून्यावर आला की, कोष्टकात 'थांबण्या'च्या बाजूचे एक वजन कमी होते, हेही खरे.

३. अडाणीपणाचा आरोप

पाण्याच्या प्रश्नावर भाषणे होतात, तेव्हा 'शेतकऱ्याला समज नाही, तो हावरट झाला आहे' हे वाक्य हमखास ऐकू येते. हे वाक्य मला टोचते, कारण त्या 'शेतकऱ्या'त माझे वडील येतात. ते चौथीपर्यंत शिकले आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मी हे कोष्टक वहीवर मांडून त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "अगं, हे मला ठाऊकच होतं. मला फक्त चौकटी आखता येत नव्हत्या." मग वहीतल्या १५ या आकड्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "मी थांबलो आणि शेजारी नाही थांबला, तर या पंधरात घर चालवायचं का तुझी फी भरायची?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकात नव्हते. पण प्रश्नावरून एक गोष्ट मला स्वच्छ दिसली : माझे वडील आणि नॅश यांचा हिशोब एकच आहे. बोअर घेणारा माणूस मूर्ख नसतो. तो जो खेळ खेळतो आहे, त्यात ती चालच शहाणपणाची ठरते.

शिक्षणाने किंवा भांडवलाने हा पेच सुटत नाही, याचे उदाहरण समुद्रापलीकडे सापडते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशाची मासेमारी शतकानुशतके चालत आली होती. तेथे मोठमोठी यांत्रिक जहाजे होती, शास्त्रज्ञ होते, सरकारचे मत्स्यखाते होते. तरीही मासे इतके घटले की, १९९२ मध्ये सरकारला ही मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. ती बंदी तब्बल ३२ वर्षांनी, २०२४ मध्ये उठली. मासा आज मी सोडला तर उद्या तो दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल, हा विचार आणि 'माझे पाणी शेजारी ओढून नेईल' हा विचार, एकाच जातीचे आहेत. स्कॉट गॉर्डन या अर्थशास्त्रज्ञाने मासेमारीविषयी हे १९५४ सालीच दाखवून दिले होते.

४. थांबणे कधी परवडते?

आतापर्यंत आपण खेळ एकदाच खेळला जातो असे धरले. पण शेजारी एका वर्षासाठी नसतो, पिढ्यान्पिढ्यांसाठी असतो. तोच खेळ पाच वर्षे चालला तर? दोघे थांबले, तर प्रत्येकाला पाच वर्षांत २०० मिळतात. एकाने पहिल्याच वर्षी शब्द मोडला, तर त्याला त्या वर्षी ५० मिळतील; पण पुढच्या वर्षापासून शेजारीही थांबणार नाही, म्हणून उरलेली चार वर्षे २५ प्रमाणे १०० मिळतील. एकूण १५०. आता हिशोब उलटला! उद्याची भेट निश्चित असेल, तर आजचा शब्द पाळणे फायद्याचे ठरते.

अमेरिकेतील रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास निरनिराळ्या तज्ज्ञांकडून डावपेच मागवून त्यांची संगणकावर स्पर्धा घेतली. तीत जिंकला तो अगदी साधा डावपेच : पहिल्यांदा सहकार्य करा, नंतर समोरचा जसा वागेल तसे वागा. ॲनातोल रॅपोपोर्ट यांनी तो पाठविला होता. आपण मराठीत त्याला 'जशास तसे' म्हणतो. मात्र सुरुवात चांगुलपणाने करायची, ही त्यातली अट विसरून चालणार नाही.

मग गावोगाव असे का घडत नाही? मला दोन कारणे दिसतात. पहिले, विहिरी दोनशे असल्या की शब्द कोणी मोडला हेच कळत नाही. आणि कळले तरी एकाला अद्दल म्हणून मी जास्त उपसले, तर नुकसान साऱ्यांचेच होते. दुसरे कारण अधिक कटू आहे. पाच वर्षांचे २०० त्यालाच दिसतात, ज्याला पाच वर्षे थांबणे शक्य आहे. ज्याच्या दारात याच वर्षीचे देणे उभे आहे, त्याला आजचे ५० आणि उद्याचे २५ यांत आजचेच खरे वाटतात. म्हणून कर्जबाजारीपणा आणि भूजलाचा उपसा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असे माझे मत आहे.

५. दंडाचा हिशोब

'कडक कायदा करा' हा दुसरा नेहमीचा उपाय. तोही आपल्या कोष्टकावर तपासून पाहू. खोल जाण्याने १० चा फायदा होतो. तेव्हा खोल जाणाऱ्याला १५ दंड बसविला, तर शेजारी थांबलेला असताना त्याला ४० ऐवजी ३५ मिळतील. शेजारी खोल गेलेला असताना १५ ऐवजी १० मिळतील. दोन्ही वेळा थांबणेच बरे! खेळ पालटला.

पण हा दंड दर वेळी वसूल होईल असे आपण गृहीत धरले. चारांतून दोनदाच पकडला जाणार असेल, तर दंडाची सरासरी साडेसात पडते आणि १० चा फायदा पुन्हा वरचढ ठरतो. १५ चा दंड लागू पडायचा तर तिनांतून दोनदांहून अधिक वेळा पकडले गेले पाहिजे. दंड वाढवून ३० केला, तर तिनांतून एकदाच्या वर पकडले तरी पुरेल, असे गणित सांगते. पण गरिबाला जबर दंड करायला गाव धजत नाही, आणि मोठ्याला करायला भिते.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९९३ च्या राज्य कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आत विहीर घेण्यावर निर्बंध घातला. भूजलाचा २००९ चा कायदा त्याच्या पुढे गेला. शेती व उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहिरी घेण्यास त्यात मनाई आहे. परंतु रात्री शिवारात आलेली बोअरची गाडी किती फूट गेली, हे तालुक्याच्या कचेरीतून दिसत नाही. ते शेजारच्या वस्तीवरून दिसते. म्हणून पहारा शेजाऱ्याचाच हवा. आणि शेजारी पहारा तेव्हाच करील, जेव्हा नियम त्याने स्वतः केलेला असेल.

६. लोकांनी बदललेले खेळ

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये सामाईक कुरणाचे उदाहरण घेऊन असे मांडले की, सामाईक साधने अखेर नष्टच होतात. त्यावर खासगी मालकी किंवा सरकारी नियंत्रण हेच उपाय. हे मत फार गाजले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने जन्मभर जगातील कुरणे, जंगले, पाटबंधारे, मासेमारी यांचा अभ्यास करून दाखविले की, लोक आपसांत नियम करून तिसरा मार्ग काढू शकतात. २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थशास्त्रातले ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्याला विशेष जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध, १९६५ चा, भूजलावरच होता.

तो कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट बेसिन या भागाविषयी होता. तेथे उपसा इतका झाला की समुद्राचे खारे पाणी भूगर्भात शिरू लागले. १९४५ मध्ये प्रकरण कोर्टात गेले. वर्षे जात होती आणि 'आधी तू थांब' असे जो तो म्हणत होता. शेवटी एक करार झाला, त्यातली अट फार मार्मिक आहे : ८० टक्के हक्कधारकांच्या सह्या झाल्याशिवाय तो कोणावरही बंधनकारक होणार नव्हता. म्हणजे सही करणाऱ्याला एकटा पडण्याची, आपल्या कोष्टकातल्या त्या १५ ची, भीतीच उरली नाही. १९५५ मध्ये हा करार अमलात आला. कोणी किती पाणी उपसले याची नोंद ठेवणारा अधिकारी नेमला गेला आणि ते आकडे सर्वांना पाहायला मिळू लागले. माझ्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडले. 'तू थांब' असे कोणालाच सांगायचे नाही. 'पुरेसे लोक थांबणार असतील तरच मी थांबेन' असे सर्वांनी एकदम लिहून द्यायचे.

आपल्या मातीतही अशी उदाहरणे आहेत. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षे चालत आली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाणी सोडायचे काम लोकांनीच नेमलेल्या पाटकऱ्याने करायचे. फडातले सर्वांचे पीक एक असल्याने चोरून जास्त पाणी घेणारा लगेच उघडा पडतो.

१९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचे काम सुरू केले. तेथील नियम असे : पाणी जमिनीच्या नव्हे, माणसांच्या प्रमाणात; माणशी अर्धा एकर, कुटुंबाला फार तर अडीच एकर; ऊस घ्यायचा नाही; भूमिहीनालाही पाण्यात वाटा; आणि खर्चाचा २० टक्के भाग लाभधारकांनी उचलायचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे वर्षाला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे गाव. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तेथे शेतीसाठी बोअर घेणे बंद झाले. ऊस-केळी यांवर बंदी आली. पाऊस मोजून ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यावर पिके ठरवायची, असा तेथील शिरस्ता आहे.

या सर्व उदाहरणांत तीन गोष्टी समान आहेत. पाणी मोजले जाते, म्हणजे अदृश्य हौद दिसू लागतो. नियम लोकांनी मिळून केलेला असतो. आणि नियम सर्वांना एकदम लागू होतो. माणसे तीच राहिली. त्यांचे फक्त कोष्टक बदलले.

७. कोष्टकात नसलेली माणसे

या सिद्धान्ताची एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. आपल्या कोष्टकात दोन विहीरमालक आहेत. ज्यांच्याकडे विहीरच नाही, त्यांना त्यात रकाना नाही. दोन्ही विहिरी खोल गेल्या की गावचा आड आटतो, आणि मग मैलभरावरून हंडे आणतात त्या बायका. माझी आई त्यांपैकी एक आहे. तिने कोणतीही चाल केली नाही. तरी खेळाचे फळ ती डोक्यावरून वाहते. म्हणून दोन मालकांत समझोता झाला एवढ्याने न्याय होतो असे नाही; नियम करणाऱ्या सभेत ही माणसेही बसली पाहिजेत. पाणी पंचायतीने भूमिहीनाला दिलेला वाटा मला त्यामुळेच फार मोलाचा वाटतो.

भारत आज जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश आहे. वर्षाला सुमारे २४० अब्ज घनमीटर पाणी आपण जमिनीतून काढतो, आणि त्यातला फार मोठा वाटा शेतीला लागतो. एवढ्या मोठ्या प्रश्नापुढे एका महाविद्यालयाने काय करावे? मला एक लहानशी सूचना करावीशी वाटते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी खेड्यात भरते. या वर्षी शिबिरार्थींनी दोर आणि फूटपट्टी घेऊन त्या गावच्या प्रत्येक विहिरीची पाणीपातळी मोजावी, आणि ते आकडे, मालकांच्या संमतीने, चावडीच्या भिंतीवर रंगाने लिहून काढावेत. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. याला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही. पण गावाला आपला हौद प्रथमच दिसेल. आणि आपले पाणी व शेजाऱ्याचे पाणी एकदमच खाली जाते आहे, हे ज्या दिवशी भिंतीवर वाचता येईल, त्या दिवशी 'तू थांबणार असशील तर मीही थांबतो' हे वाक्य कोणीतरी ग्रामसभेत उच्चारील. गाव करील ते राव काय करील, असे आपले वाडवडील सांगत आले. पण गावाने करायचे तर आधी गावाला दिसले पाहिजे.